रसद वेळेवर पोचली नाही

शेतात भांगलण चालली आहे. दुपार टळली. माणसे भुकेली आहेत. घरी भाकऱ्या थापून ठेवलेल्या आहेत. पण वरच्या अंगाला पाऊस झाला आणि ओढा दुथडी भरला. आता भाकरी शेतात जाणार कशी? भाकरी आहे, पण गडी उपाशीच. मग त्या भाकरीचा काय उपयोग?

लढाईतही असेच होते. फौजेला धान्य, औषधे, दारूगोळा आणि जनावरांना दाणावैरण लागते. याला रसद म्हणतात. रसद नुसती असून भागत नाही. ती वेळेवर पोचावी लागते. ती पोचली नाही म्हणजे काय होते, ते आपल्याच माणसांनी भोगले आहे.

पहिले महायुद्ध सन १९१४ ते १९१८ पर्यंत चालले. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. या मुलखातले पुष्कळ जवान पलटणीत गेले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले.

पुष्कळ मराठा जवान बोटीने इराकात गेले. तिथे तैग्रिस नदीकाठी कूत नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने कूतला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे शिपाई अडकले.

त्यांच्यासाठी रसद नव्हती का? होती. ती खाली बसरा बंदरात येत होती. पण तिथे मोठ्या जहाजांना लागायला धक्का नव्हता. माल नदीतच लहान होड्यांत उतरवावा लागे. जहाजे कित्येक आठवडे खोळंबून राहत. बसऱ्याहून वर जायला आगगाडी नव्हती. पावसात रस्त्यांचा चिखल होई. उरली नदी. तीही उथळ. तिच्यात चालतील अशा आगबोटी फार थोड्या होत्या. माल बसऱ्यात पडून राहिला. मदतीला आलेले हजारो शिपाईही तिथेच अडकले.

इकडे कूतमध्ये शिधा कमी कमी होत गेला. घोडे मारून खायची पाळी आली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस पुष्कळ दिवस तोंडाला लावले नाही. ते खंगत गेले. विमानातून धान्य टाकले. दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. पण एवढ्या माणसांना ते कितीसे पुरणार?

वेढा फोडायला बाहेरून फौज लढत होती. त्यात सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. शेवटी एप्रिल १९१६ मध्ये जुल्नार नावाची आगबोट २७० टन माल घेऊन रात्रीची निघाली. ती वाटेतच अडकली आणि तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिलला कूत पडले. वेढा १४७ दिवस चालला होता. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांतली हजारो परत आलीच नाहीत.

चूक कुणाची? लढणाऱ्या शिपायाची नव्हे. सन १९१७ मध्ये चौकशीचा अहवाल निघाला. वाहतुकीची सोय न करता फौज पुढे पाठवली, असा ठपका वरच्या अधिकाऱ्यांवर आला.

मग सरकारने काय केले? बसऱ्याला धक्के बांधले. आगबोटी वाढवल्या. हिंदुस्थानातून रूळ नेऊन आगगाडी घातली. त्यात मीटर गेजचीही वाट होती. म्हणजे कोरेगाव, कराडवरून मिरजेला जाणारी आपली जुनी गाडी होती, तेवढ्याच रुंदीची. आधी रसदीची वाट झाली, मग फौज निघाली. फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतले आणि ११ मार्चला बगदादही घेतले.

नदी तीच होती. शिपाईही तसेच शूर होते. फरक पडला तो वाटेच्या सोयीने. ही सोय एक वर्ष आधी झाली असती, तर कितीतरी घरांचे कर्ते पुरुष परत आले असते.

प्रश्न
१. रसद म्हणजे काय?
२. माल बसऱ्यात का पडून राहिला?
३. पावसाळ्यात तुमच्या गावची वाट बंद पडते का? आजारी माणसाला तेव्हा दवाखान्यात कसे नेता?