पानावरून झाडाची ओळख

झाड फळावरून कळते, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु फळे वर्षातून थोडेच दिवस दिसतात, फुले त्याहूनही थोडे दिवस. उलट पान बहुतेक झाडांस आठ-दहा महिने तरी असतेच. म्हणून जो मनुष्य पान वाचावयास शिकला, त्यास रान बहुतेक वर्षभर वाचता येते. ही विद्या केवळ हौसेची नव्हे. शेळीपुढे कोणता पाला टाकावा, औषधाकरिता कोणती डहाळी तोडावी, मुलांस कोणत्या झाडाखालची फळे वेचू देऊ नयेत, या गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. हा पाठ कासुर्डीच्या शिवारात दिसणाऱ्या झाडांवरून घेतला आहे. इतर गावच्या शिक्षकबंधूंनी त्यात आपल्याकडील झाडांची भर घालावी.

१. पान म्हणजे काय?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण पुष्कळांची चूक येथेच होते. चिंचेच्या देठावरील एक इवलीशी हिरवी टिकली दाखवून ते म्हणतात, हे चिंचेचे पान. वास्तविक ते पान नव्हे, पानाचा एक तुकडा होय. त्यास पर्णिका म्हणतात. दहा ते वीस जोड्या पर्णिका ज्या एका दांडीवर असतात, ती सबंध दांडी मिळून चिंचेचे एक पान होते.

पान व पर्णिका यांतील भेद ओळखण्याची खूण येणेप्रमाणे: देठ जेथे फांदीस मिळतो, त्या बगलेत पाहावे. तेथे बारीक कळी किंवा कोंब असला, तर ते पूर्ण पान होय. पर्णिकेच्या बगलेत कळी कधीच नसते. ही एक खूण पक्की झाली की पुढील सर्व पाठ सुलभ होतो.

२. पानांचे प्रकार

(अ) साधे पान. देठास एकच पाते असते. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, बोर व आंबा ही झाडे या वर्गात येतात.

(आ) एकदा विभागलेले पान. दांडीच्या दोन्ही बाजूंस पर्णिका असतात. चिंच, कडुनिंब, करंज. चिंचेच्या दांडीचे टोक पर्णिकेवाचून संपते. करंजाच्या टोकाशी मात्र एक एकटी पर्णिका असते, आणि ती बहुधा इतरांहून मोठी असते.

(इ) दोनदा विभागलेले पान. मुख्य दांडीस उपदांड्या व त्यांवर पर्णिका. बाभूळ, हिवर, सुबाभूळ. शेवग्याचे पान तर बहुधा तीनदा विभागलेले असते.

(ई) पंजासारखे पान. सर्व पर्णिका देठाच्या टोकापासून निघतात. सावरीच्या पाच ते सात. यांच्याजवळच तीन पर्णिकांची झाडे धरावी: बेल, पळस व पांगारा. बेलाचे पान उजेडासमोर धरल्यास बारीक ठिपके दिसतात व चुरल्यास सुगंध येतो. पळसाची पर्णिका मोठी व चामड्यासारखी ताठ असते, म्हणूनच तिच्या पत्रावळी होतात. पांगाऱ्याची पर्णिका मऊ असून फांदीवर काटे असतात.

कासुर्डी हे दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतनजीकचे गाव. या भागात पाऊस बेताचा. अशा कोरड्या मुलखात बारीक पर्णिकांची झाडे पुष्कळ का आढळतात, हे मुलांस अवश्य समजावून द्यावे. लहान पाते वाऱ्याने लवकर निवते, रुंद पात्याप्रमाणे तापत नाही. शिवाय पुष्कळ जातींच्या पर्णिका मिटू शकतात. चिंच सायंकाळी मिटलेली सर्वांनी पाहिलीच असेल.

३. आणखी चार खुणा

मांडणी: पाने फांदीवर एकाआड एक आहेत की समोरासमोर? जांभळाची समोरासमोर, निलगिरीच्या मोठ्या झाडाची एकाआड एक. दोघांच्याही पानास चुरल्यावर वास येतो व दोघांच्याही कडेलगत एक शीर धावते, कारण ती एकाच कुळातील आहेत. मांडणीने ती लगेच निराळी ठरतात.

शिरा: बोराच्या पानात बुडापासून तीन ठळक शिरा निघतात, आणि पानाची खालची बाजू पांढुरकी व लवदार असते.

टोक: पिंपळाचे टोक शेपटीसारखे लांब असते. भेंडाचे पानही बदामी आकाराचे असते, परंतु त्यास अशी शेपटी नसते.

चीक व वास: वड, पिंपळ, उंबर यांचे पान तोडताच पांढरा चीक येतो. भेंडास तसा येत नाही. चीक पाहिल्यावर बोट डोळ्यास लावू नये, व अनोळखी पान जिभेवर तर कधीच ठेवू नये.

४. फसविणाऱ्या जोड्या

आता पाठाचा मुख्य भाग. दोन झाडे दिसण्यात सारखी, पण गुणांत अगदी निराळी, अशा जोड्या नीट ध्यानात ठेवाव्या.

कडुनिंब व बकाण निंब. दोघांच्याही पर्णिकेस करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे घाईत पाहणारा फसतो. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, व पर्णिका विळ्यासारखी किंचित वाकडी असून तिचे दोन भाग बुडाशी असमान असतात. बकाणाचे पान दोनदा, कधी तीनदाही विभागलेले असते. कडुनिंबाची फुले पांढरी, बकाणाची फिकट जांभळी. बकाणाची पिवळी फळे पाने गळून गेल्यावरही फांदीवर लोंबत राहतात, आणि ती विषारी आहेत. निंबोळी समजून ती मुलांनी चोखली तर वांत्या, जुलाब व त्याहूनही गंभीर परिणाम होतात. सावलीकरिता बकाण पुष्कळ ठिकाणी लावलेले आढळते, म्हणून अंगणातील झाड कोणते आहे याची खात्री प्रत्येक घराने करून घ्यावी.

बाभूळ, वेडी बाभूळ व सुबाभूळ. आपल्या जुन्या बाभळीची साल काळसर व भेगाळलेली, काटे पांढरे, सरळ व जोडीने, पानात उपदांड्यांच्या पुष्कळ जोड्या. हिवर तिच्यासारखाच, पण त्याची साल फिकट. वेडी बाभूळ अमेरिकेकडून आलेली. तिच्या पानास उपदांड्यांची बहुधा एकच किंवा दोनच जोडी असते. तिचा पाला जनावरे सहसा खात नाहीत, परंतु शेंगा खातात, आणि शेणावाटे बी पडून ती पडीक जमीन व्यापते. सुबाभळीस काटा मुळीच नसतो. तिचा प्रसार आपल्या शेजारच्या उरुळीकांचन येथे १९६७ साली स्थापन झालेल्या बाएफ या संस्थेने मोठ्या प्रमाणावर केला. तिचा पाला पौष्टिक आहे, पण त्यात मायमोसीन नावाचे द्रव्य असते. नुसत्या त्याच पाल्यावर जनावर ठेवल्यास केस गळतात व प्रकृती बिघडते. इतर वैरणीत मिसळून, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, असाच तो द्यावा. घोडा, गाढव व डुक्कर यांस तो अधिकच बाधतो.

कण्हेर व बिट्टी. दोघांचीही पाने लांब व अरुंद. कण्हेरीची पाने जाड असून बहुधा एका पेरावर तीन-तीन असतात. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, पाने एकेकटी असून तोडताच पांढरा चीक येतो. येथे भेद जाणण्यापेक्षा साम्य जाणणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही विषारी असून दोघांचेही विष हृदयावर परिणाम करते. हिरवे पान कडू लागल्यामुळे जनावर ते सहसा टाळते. पण कुंपण छाटून टाकलेली फांदी वाळते, वैरणीत मिसळते, आणि मग ती खाल्ली जाते. वाळल्याने हे विष नाहीसे होत नाही. सबब छाटलेली कण्हेर गोठ्याजवळ टाकू नये, व तिच्या काड्या चुलीत घालू नयेत.

आपटा व कांचन. दोघांचेही पान मधोमध चिरलेले, जणू दोन पाने जोडलेली. युरोपातील बौहिन नावाच्या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञ भावांच्या स्मरणार्थ या वर्गास शास्त्रीय नाव दिले आहे, ते या जोडपानामुळेच शोभते. आपट्याचे पान लहान, जाड, खरखरीत व लांबीपेक्षा किंचित रुंद. कांचनाचे पान पुष्कळ मोठे व पातळ. दसऱ्याच्या सुमारास बाजारात आपटा म्हणून कांचनाचा पाला सर्रास विकला जातो, आणि दोन्ही झाडे विनाकारण ओरबाडली जातात. आपट्याच्या सालीचा वाख निघतो व पाने विडीकरिता वापरतात. असे उपयोगी झाड ओळखून राखावे.

५. पानाची मर्यादा

एकाच झाडाची सर्व पाने सारखी नसतात. छाटलेल्या बुंध्यावरील धुमाऱ्याचे पान वाजवीपेक्षा मोठे असते, कोवळ्याचा रंग निराळा असतो. म्हणून एका पानावर निर्णय करू नये, फांदीवरील मधली पाच-सहा पाने पाहावी. लिनियसने १७५३ साली वनस्पतींची मांडणी केली ती फुलांच्या अवयवांवरून, आणि थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही (१९०१ ते १९०८) फुलांचे वर्णन महत्त्वाचे धरले आहे. तात्पर्य, पान आपणास दारापर्यंत नेते. खात्री फूल, फळ व साल यांनी करावी.

६. पानांची वही

प्रत्येक शाळेने एक वही करावी. फांदीचा वीतभर तुकडा, बगलेतील कळी दिसेल असा, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरावा व वर जड दगड ठेवावा. आठवडाभर रोज कागद बदलावा, नाही तर बुरशी येते. वाळल्यावर जाड कागदावर शिवून खाली झाडाचे गावात चालणारे नाव, जागा व तारीख लिहावी. कण्हेर, बिट्टी व बकाण यांच्या पानांवर ‘विषारी’ असे तांबड्या शाईने लिहावे.

आणि एक गोष्ट घरोघरी सांगून ठेवावी. माणसाने किंवा जनावराने काही विषारी खाल्ल्याचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे, आणि त्या झाडाची पानांसह फांदी बरोबर न्यावी. डॉक्टरांस नावापेक्षा फांदी अधिक सांगते.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. पान व पर्णिका यांतील भेद कोणत्या खुणेने ओळखाल?
२. तुमच्या अंगणातील निंब कोणता, व कशावरून?
३. सुबाभळीचा पाला किती व कसा द्यावा?
४. छाटलेल्या कण्हेरीचे काय करू नये?
५. तुमच्या गावात आपट्याची झाडे किती आहेत? मोजून वहीत लिहा.