खिळ्याची पारख

कल्याणहून दुर्गाडीजवळची खाडी ओलांडली, की भिवंडीच्या वाटेवर कोन हे गाव लागते. भिवंडी मागांसाठी प्रसिद्ध; परंतु या तालुक्यात आज मालाची गुदामेही पुष्कळ आहेत. तेथे माल ज्या लाकडी बैठकीवर रचतात, तिला पॅलेट म्हणतात. टनभर ओझे पेलणाऱ्या या बैठकीच्या फळ्या खिळ्यांनीच एकत्र धरलेल्या असतात. आणि उंच मांडणीवर ती निखळली, तर खाली माणसे वावरत असतात.

मुलांनो, मोठ्या कारखान्यांत हे खिळे आता हातोडीने ठोकीत नाहीत. दाबलेल्या हवेवर चालणारी नेलगन ते निमिषार्धात आत घुसवते. तिला सुटे खिळे चालत नाहीत. तारेने गुंफून वेटोळे केलेले, अथवा कागदाने किंवा प्लास्टिकने जोडून पट्टी केलेले लागतात. पट्टीचा तिरकेपणा यंत्राशी जुळला नाही, तर खिळा मध्येच अडकतो. तो काढण्यापूर्वी हवेची नळी सोडवलीच पाहिजे. येथे उतावीळपणा बोटांवर बेततो.

लांबीचा ढोबळ आडाखा असा, की खिळा वरच्या फळीच्या जाडीच्या तिप्पट असावा. फळी 20 मिलिमीटरची, तर खिळा 60 मिलिमीटरचा. खालचे लाकूड मात्र तेवढे जाड हवे. नाहीतर बाहेर आलेले टोक पोती फाडील.

पण खरी पारख खिळ्याच्या अंगाची. पॅलेटचे लाकूड पुष्कळदा ओलसर असते. ते वाळताना आक्रसते आणि गुळगुळीत खिळा सैल पडतो. पीळ दिलेला किंवा कंगोरे असलेला खिळा लाकडाचे तंतू घट्ट धरून राहतो. पॅलेट उघड्यावर भिजणार असेल, तर खिळ्यावर जस्ताचा मुलामा हवा. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज चढण्यास एक पावसाळा पुरे होतो.