उन्हाळ्यातील भाजीचे आळे

कशेळ्याच्या ज्या खाचरांत आषाढात पाणी मावत नाही, तीच फाल्गुन सरताच भेगाळतात. पेजेच्या काठच्या लोकांस भिवपुरीच्या 1922 साली सुरू झालेल्या वीजगृहातून सुटणारे पाणी मिळते खरे. परंतु ज्यांस विहिरीवरून हंडे वाहावे लागतात, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहो.

प्रथम आमचीच चूक सांगतो. पावसाळ्यात काकडीकारल्याचे बी उंचवट्यावर लावावे लागते, नाहीतर मूळ कुजते. तीच सवय धरून आम्ही एका चैत्रात भेंडी वरंब्यावर लावली. पाणी खाली ओघळे, वारा दोहों अंगांनी माती सुकवी. पंधरवड्यात रोपे करपली. उन्हाळ्यात याच्या उलट करावयाचे असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रांतातील झूनी लोक लहान चौकोनी वाफ्यांभोवती मातीचे बांध घालून थेंबन् थेंब आत राखीत. आपणही वीतभर खोल आळे करावे.

आळ्यात आच्छादन हवे. पण पाला राबास लागतो आणि पेंढा गुरांस. मग घालावे काय? भाताच्या गिरणीवरील तूस घालावे. त्याचा चार बोटे थर दिला म्हणजे ओल टिकते. मात्र तूस खोडास भिडवू नये.

वेलांसाठी मडक्याची युक्ती फार चांगली. चीन देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या फान शेंग-चीच्या शेतीग्रंथातही ती आहे. रोगण न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून झाकावे व सभोवती चार बिया टोचाव्या. माती कोरडी असली की पाणी अधिक झिरपते, ओली असली की कमी. तेव्हा ते वाया जात नाही. बी रुजेपर्यंत मात्र वरून थोडे शिंपावे लागते.

आता काय लावावे? गवार, भेंडी, चवळी, दुधी, लाल माठ. टोमॅटोचा हट्ट धरू नये. दिवसाची उष्णता 35 अंशांवर गेली व रात्रही उकाड्याची असली, की त्याचा मोहर गळतो. मेथी, कोथिंबीर लवकर फुलावर येतात.

दुधीविषयी एक गोष्ट पुष्कळजण विचारतात. वेल फुलतो, पण फळ धरीत नाही, म्हणून ते तो उपटून टाकतात. पहिली फुले नराची असतात व ती गळावयाचीच. मागाहून ज्या फुलाच्या देठाशी इवलासा दुधी दिसेल ते मादीचे. तोवर वेलास पाणी देत राहावे.