आधी उतरायला शीक

पोरी, बारला हात घातलास की पहिले दोन-तीन आठवडे वर जायचं नावही काढू नकोस. नुसतं लटकायचं. पाय सुटलेले, हात सरळ, श्वास चालू. दहा सेकंद जमले तर दहा, मग जरा थांबून पुन्हा दहा. असं करत एका दमात अर्धा मिनिट लटकता आलं की पुढचं बघू. तुला वाटतंय तुझे दंड कमी पडतात. तसं नसतं गं. दंडाची वेळ यायच्या आत मूठ सुटते, आणि मूठ टिकली तरी खांदा जागेवर नसतो.

मुठीचं आधी सांगते, कारण हे कुणी नीट दाखवत नाही. बार तळव्याच्या मध्यावर घेऊन दाबलास की अंगाचं ओझं पडताच कातडी बोटांकडे सरकते, तिची घडी बारखाली सापडते. तिथेच फोड येतो, पुढे घट्टा होतो आणि एक दिवस तो घट्टा सोलून निघतो. मग आठवडाभर हात लावता येत नाही. म्हणून बार बोटांच्या मुळाशी, बोट तळव्याला मिळतं त्या रेघेवर बसव. मग बोटं वळव आणि अंगठा पलीकडून आणून बोटांवर दाब. करंगळीकडे लक्ष ठेव. ती सैल पडली की सगळा भार पहिल्या दोन बोटांवर येतो आणि मूठ उघडायला लागते. एवढं करूनही घट्टे होणारच, पण ते सपाट ठेवायचे. आंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा वजरीने हळू घासायचे. लटकण्याआधी हाताला तेल किंवा क्रीम लावू नकोस, आणि अंगठ्या काढून ठेव.

आता खांदा. लटकलीस की खांदे कानांना जाऊन भिडतात. तसेच राहू दिलेस तर सगळा भार सांध्यावर येतो, पाठ कामालाच लागत नाही. कोपर अजिबात न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढ, पाठीमागचे फरे खिशात घालायचे असल्यासारखे. अंग जेमतेम दोन बोटं वर येईल. बघणाऱ्याला काही झालंसं वाटायचंही नाही. पण कमरेपासून निघून काखेतून दंडाच्या हाडाला चिकटणारा पाठीचा जो मोठा स्नायू आहे, तो याने जागा होतो, आणि तुला वर नेणारा तोच आहे. दंड त्याच्या मदतीला असतात. दर वेळी लटकलीस की पाच-सहा वेळा हे कर. कंटाळवाणं आहे, पण मी शाळेत शिकवत होते तेव्हा ज्या मुलींनी हे मनापासून केलं त्यांचे खांदे दुखले नाहीत, आणि घाई करणाऱ्यांचे दुखले.

लटकण्याला हलकं समजू नकोस. तू मैसूरला राहतेस, तिथे तर नकोच. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, मैसूरच्या राजवाड्यात ‘श्रीतत्त्वनिधी’ नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात 122 आसनांची चित्रं आहेत, आणि त्यांतली काही दोराला धरून करायची आहेत. पुढे 1933 पासून जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांची योगशाळा चालली. तिथे शिकलेले बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. त्यांच्या संस्थेत भिंतीला टांगलेले दोर आजही वापरतात. म्हणजे दोराला लोंबकळून अंग मोकळं करणं मैसूरला नवं नाही आणि पुण्यालाही नाही.

लटकणं पक्कं झालं की मग उतरणं. माझं सगळं सांगणं खरं तर एवढ्यावरच आहे. वर जाता येत नाही ना, मग वरून सुरुवात कर. बारखाली न डुगडुगणारं स्टूल ठेव. त्यावर चढून हनुवटी बारच्या वर घे, तळवे आपल्या तोंडाकडे, कोपरं बरगड्यांजवळ. आता पाय उचल आणि मनात पाचपर्यंत मोजत, कुठेही धपकन न सुटता, हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली ये. पाय पुन्हा स्टुलावर टेकव, चढ, दुसरा. असे तीन, फार तर चार. पाचाचे पुढे आठ होतील, आठाचे दहा.

याचं कारण साधं आहे. आखडताना स्नायू जेवढं ओझं उचलतो, त्याहून जास्त ओझं तो लांबत जाताना सावरू शकतो. तुझी आजची ताकद तुला वर न्यायला पुरत नाही, पण सावकाश खाली आणायला पुरते, आणि तेच काम स्नायूला वर जायचं शिकवतं. मात्र या कामाने अंग फार दुखतं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा करून बसू नकोस, नाहीतर केस विंचरायला हात वर जायचा नाही. उतरताना एक जागा अशी येते, साधारण कोपर काटकोनात आलं की, तिथे हात थरथरतात आणि अंग सोडून द्यावंसं वाटतं. तिथेच क्षणभर थांबायचं. थांबता येईनासं झालं की त्या दिवसाचं काम संपलं. आणखी एक करून बघू, असं म्हणायचं नाही.

आम्हाला लहानपणी दोराच्या मल्लखांबावर पहिला धडा उतरण्याचाच असे. सुती दोर धरून वर जायची घाई सगळ्यांनाच, पण बाई म्हणायच्या, आधी हाताखाली हात घेत ये. घसरत आलीस की तळवा भाजतो, आणि भाजलेला हात दुसऱ्या दिवशी दोर धरत नाही. दोराच्या आधी मल्लखांब वेताचाही होता. चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा दोराने घेतली. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात, दोराला काही नाही. त्यामुळे दोरावर सगळा भरवसा मुठीचा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, हे तू ऐकलं असशील. पण खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख त्याहून कितीतरी जुना, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये आहे, आणि तो ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य राजाचा, सोमेश्वराचा. कल्याणी आजच्या कर्नाटकातच. या विद्येत मराठी मुलूख आणि कन्नड मुलूख असं वेगळं काढताच येत नाही.

तुला कुणी तरी सांगितलं ना, की बायकांना हे जमत नाही. त्यातलं खरं तेवढं घे. बाईच्या अंगात कमरेवरचे स्नायू पुरुषाच्या मानाने कमी असतात, म्हणून वेळ जास्त लागतो. बस्स, पुढे काही नाही. दोराच्या मल्लखांबावर दहा-बारा वर्षांच्या मुली हातांच्या जोरावर वर जाऊन आसनं करतात. त्या वजनाने हलक्या असतात हे कबूल, पण त्यांची ताकद आभाळातून पडलेली नाही, ती रोजच्या थोड्या थोड्या मेहनतीतून आलेली आहे. मैसूरच्या दसऱ्याच्या कुस्त्यांत आता मुलीही उतरतात. यंदा बघायला जा, आणि त्यांच्या पाठी बघ.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्या रोजच्या कामात ओढणं उरलेलंच नाही. माझी आजी विहिरीचं पाणी शेंदायची, भरलेली कळशी हातावर हात घेत वर आणायची, दिवसातून कितीदा. तिची पकड तिच्या म्हातारपणीही सोडवता येत नसे. तू दिवसभर कीबोर्डवर हात पुढे करून बसतेस. रविवारी चामुंडीच्या हजार पायऱ्या चढतेस ते फार छान, पण त्याने पाय आणि दम तयार होतात, पाठ नाही. पाठीला ओढण्याचं काम मुद्दाम द्यावं लागतं. बागेत लहान मुलांसाठी कमरेएवढा बार असतो ना, त्याच्याखाली उताणी हो, टाचा जमिनीवर, अंग टाचेपासून मानेपर्यंत ताठ, आणि छाती बारला लाव. आठ-दहा वेळा. कंबर खाली पडू देऊ नकोस. सोपं वाटायला लागलं की त्याहून खालचा बार शोध. अंग जेवढं आडवं, तेवढं काम जड.

बारला बांधून त्यात पाय ठेवायच्या त्या रबरी पट्ट्याबद्दल विचारलं होतंस. वाईट नाही, पण त्यावर फार विसंबू नकोस. पट्टा सगळ्यात जास्त ताणलेला असतो तेव्हा, म्हणजे तू अगदी खाली असतेस तेव्हा, जास्त उचलतो, आणि वर गेलीस की सैल पडतो. पण अडतं तर खालीच, हात सरळ असताना. नेमकी तीच सुरुवात पट्टा तुझ्यासाठी करून टाकतो. त्यापेक्षा एक पाय स्टुलावर ठेव आणि गरजेपुरताच टेकू घे; दर आठवड्याला तो टेकू कमी कर. मैत्रीण असेल तर तिला कमरेला हात लावून जरासं उचलायला सांग. पाय धरायला लावू नकोस, पाय धरले की आपण पायांनीच रेटा देतो.

तळवे आपल्याकडे ठेवून आधी चिनअप, पुलअप नंतर. तळवे आपल्याकडे असले की दंडाची चांगली मदत होते. तळवे पलीकडे केले की ती कमी होते आणि पाठीवर जास्त येतं. ते पुढचं काम. पण चिनअपच फार केलेस तर कोपराच्या आतल्या बाजूचं हाड दुखायला लागतं. स्नायू लवकर तयार होतो, त्याला हाडाशी बांधणारा दोरा, म्हणजे कंडरा, सावकाश. तिथे दुखू लागलं तर आठवडाभर नुसतं लटकायचं, तेही दुखत नसेल तरच. खांद्यात चमक आली किंवा बोटं बधिर झाली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. अंगावर काढायचं नाही.

सोम-बुध-शुक्र एवढं बास. मधल्या दिवशी दारातून जाता-येता एकदा लटकलीस तर चालेल, पण दमेपर्यंत नाही. तुझा मामेभाऊ बेळगावला भरतीची तयारी करत होता, आठवतं? मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच तिथे, त्यामुळे त्या भागातली पोरं लहानपणापासून ‘बीम’, म्हणजे पुलअप, मारतात. सैन्यभरतीत दहा बीमला 40 गुण, सहाला 16, सहाच्या आत नापास. त्याच्या बरोबरची मुलं रोज हात सुटेपर्यंत मारायची, शेवटचे दोन-तीन झोके देऊन. झोक्याने आकडा वाढतो, ताकद नाही. तुझ्या मामेभावाला मी सांगितलं होतं, सहा येतात ना, मग एका वेळी तीनच मार, पण स्वच्छ मार, आणि दिवसातून चार-पाचदा मार. त्याचं झालं. तुलाही पुढे हेच लागू पडेल.

जिथे लटकशील ती जागा मात्र आधी पारखून घे. दाराच्या चौकटीत अडकवायचे बार मिळतात, पण आजकालच्या फ्लॅटच्या चौकटी पोकळ किंवा प्लायच्या असतात. स्क्रूने पक्का केलेला असेल तरच, आणि पहिल्यांदा पाय जमिनीवर ठेवून, हळूहळू भार देऊन बघायचं. बागेतला लोखंडी बार पावसात निसरडा होतो, कोरडं फडकं जवळ ठेव. पहाटेच्या गारठ्यात थेट लटकू नकोस. आधी दहा मिनिटं हात फिरव, भिंतीला रेटून जोर काढ, मग बार.

खाण्याचं थोडक्यात. वर न्यायचंय ते तुझंच वजन, म्हणून दोन किलो कमी-जास्तीने फरक पडतो. तरी उपाशी राहून वजन उतरवू नकोस, त्यात स्नायूही जातो. मैसूरला हुरळी स्वस्त आणि चांगली मिळते, आपले कुळीथ गं. शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. मोड आणून उसळ कर, नाहीतर तिकडच्या बायका करतात तसं सार. रागी मुद्देबरोबर, म्हणजे नाचणीच्या उकडीच्या गोळ्याबरोबर, ते फार छान लागतं. अंडी खातेस ना, मग रोज दोन. आणि झोप, त्या फोनच्या आधी.

किती दिवस लागतील, असं विचारू नकोस. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला आठ. तू दहा मोजत चार वेळा उतरू लागलीस आणि हनुवटी बारच्या वर ठेवून पंधरा सेकंद थांबू लागलीस की समज जवळ आलीस. त्यानंतर एक दिवस, दोन दिवस विश्रांती घेऊन, ताज्या अंगाने खालून प्रयत्न कर. लटक, आधी खांदे खाली ओढ, मग कोपरं खिशाकडे आण, आणि वर जाताना श्वास सोड. रोखून धरू नकोस. पाय जुळलेले, पोट आत. मान ताणून हनुवटी पोचवायची नाही, छाती वर आली की हनुवटी आपोआप येते.

पहिला झाला की त्याच दिवशी दुसऱ्याच्या मागे लागू नकोस. पुढचे दोन आठवडे एकेकच कर, मध्ये बरीच विश्रांती घेऊन, दिवसाला तीन-चार, आणि त्यानंतर उतरणं चालूच ठेव. दिवाळीत मी येईन तेव्हा दोराचं दाखवते. दोर सुती आण, हाताच्या अंगठ्याएवढा जाड. नायलॉनचा आणू नकोस, तो हात कापतो.