संत बर्थलमय : परंपरा आणि साक्ष



२४ ऑगस्टला आपण प्रेषित संत बर्थलमय ह्यांचा सण साजरा करतो. त्यांची कातडी सोलून त्यांना मारण्यात आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हे बायबलमध्ये कोठे आहे? कोठेही नाही. हौतात्म्य पत्करलेल्या प्रेषितांपैकी केवळ योहानाचा भाऊ याकोब ह्याच्या वधाची हकिकत नव्या करारात आहे (प्रेषितांची कृत्ये १२:२). इतरांविषयी आपल्याला परंपरा सांगते.

चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितात की, पंतैनुस नावाचे गुरू भारतात गेले, तेव्हा बर्थलमय ह्यांनी ठेवलेले मत्तयचे शुभवर्तमान तेथे होते. काही अभ्यासकांच्या मते हा भारत म्हणजे आपला कल्याणचा किनारा. इतरांच्या मते अरबस्तान. त्यांचे मरण मात्र परंपरा बहुधा आर्मेनियात सांगते.

आता आपल्या शेजारच्या ठाण्याकडे पाहू. तेथे १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती हुतात्मे झाले. त्यांचे सहप्रवासी जॉर्डनस ह्यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरले आणि ही हकिकत पत्रांतून कळवली. ही परंपरा नव्हे, समकालीन नोंद आहे.

मग परंपरा टाकून द्यावी काय? नाही. पण मुलांना धर्मशिक्षण देताना शास्त्र, इतिहास व परंपरा ह्यांतील फरक प्रामाणिकपणे सांगावा. हुतात्म्यासाठी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘साक्षीदार’ असा आहे. साक्षीदारांविषयी बोलताना आपली साक्षही खरी असावी.