खेळांतील मालगाडी व तिचा कारभार

लहान प्रमाणावर केलेली आगगाडी रुळांवरून गोल फिरूं लागली कीं पाहणारांचीं पहिलीं पांच मिनिटें मोठ्या आनंदांत जातात. पुढील पांच मिनिटांत मन इकडे तिकडे जाऊं लागतें, आणि पंधराव्या मिनिटास गाडी फिरत राहते व पाहणारा उठून जातो. याचें कारण उघड आहे. ती गाडी कोठूनहि निघालेली नसते व तिला कोठेंहि पोंचावयाचें नसतें. खरी मालगाडी अशी कधीं धांवत नाहीं. तिच्या प्रत्येक वाघिणीची कोणी ना कोणी वाट पाहत असतो. गिरणीवाल्यास धान्य हवें असतें, वीजघरास कोळसा हवा असतो, आणि खाणीवर रिकाम्या वाघिणी वेळेवर न आल्या तर तेथील काम अडतें.

पुण्याच्या कोथरूड भागांत १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय आपल्यापैकीं कांहींनीं पाहिलें असेल. तेथील गाड्यांचें ज्यांस कौतुक वाटलें त्यांनीं आणखी एक पायरी पुढें जावें, आणि अशा गाडीस खरें काम कसें नेमून द्यावें याचा विचार करावा. हा विचार अमेरिकेंत फार बारकाईनें झालेला आहे. न्यू ऑर्लिन्स येथील फ्रँक एलिसन या गृहस्थांनीं आपल्या ‘डेल्टा लाइन्स’ नांवाच्या घरगुती रेल्वेच्या आधारें १९४० नंतरच्या दशकांत लेख लिहून तो लोकांपुढें मांडला. त्यांनीं उपमा नाटकाची दिली. रुळांची मांडणी ही रंगभूमि, गाड्या हीं पात्रें, आणि वेळापत्रक हें कथानक. नट कितीहि नटलेला असला तरी त्याच्या तोंडीं एकहि वाक्य नसेल तर प्रेक्षक किती वेळ बसणार?

प्रथम मापाचा विचार करूं. ‘एचओ’ या सर्वांत प्रचलित प्रमाणांत खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग घेतात. म्हणजे ४० फुटी वाघीण साडेपांच इंचांची होते, व एक मैलाचें अंतर सुमारें ६० फुटांचें होतें. एवढी खोली कोणाजवळ असते? म्हणून दोन स्टेशनांमधील अंतर फारच आंखडावें लागतें. अंतर आंखडलें कीं काळहि आंखडावा लागतो. यासाठीं एक जलद घड्याळ ठेवतात. तें बारापट वेगानें चालविलें तर त्याचा एक तास आपल्या पांच मिनिटांत संपतो, आणि संपूर्ण दिवसाचें वेळापत्रक दोन तासांत पुरें होतें.

आतां मालाचा हिशेब. खऱ्या रेल्वेंत पूर्वीं कोणतीहि भरलेली वाघीण कागदावांचून हलत नसे. माल कोणाचा, कोठून निघाला, कोठें जावयाचा, हें त्या कागदावर लिहिलेलें असे. ही रीत खेळांत आणण्याची एक सोपी युक्ति डग स्मिथ यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक वाघिणीसाठीं एक जाड पत्ता करावा व त्यावर तिचा क्रमांक व प्रकार लिहावा. पत्त्याला लहानसा खिसा असावा, आणि त्यांत मालाची चिठ्ठी खोंचावी. उदाहरणार्थ, एका चिठ्ठीवर ‘रिकामी, धान्याच्या कोठाराकडे’ असें असेल. वाघीण तेथें पोंचून दिवसाचें काम संपलें कीं चिठ्ठी उलटावी, मागील बाजूस ‘गहूं, पिठाच्या गिरणीकडे’ असें असेल. याप्रमाणें प्रत्येक वाघिणीला जावयास स्थळ व जाण्यास कारण मिळतें.

येथें एक नियम मात्र कडक आहे. पत्ता व वाघीण यांची ताटातूट होतां कामा नये. वाघीण गाडीला जोडली कीं पत्ता गार्डच्या हातांत आला पाहिजे (अमेरिकेंत गार्डला कंडक्टर म्हणतात), आणि वाघीण सोडली कीं पत्ता त्या स्टेशनच्या पेटींत गेला पाहिजे. एकानें आळसानें पत्ता खिशांत ठेवला तर वाघीण डोळ्यांसमोर उभी असूनहि हरवते. कारण तिचें काय करावयाचें हें कोणासच ठाऊक नसतें. नुकसान आळस करणाराचें न होतां त्याच्या मागून येणाराचें होतें, ही गोष्ट मुलांनीं नीट ध्यानांत धरावी.

यापुढें खरी कसोटी लागते ती फांट्यावर. समजा, इंजिन पुढें व पांच वाघिणी मागें अशी गाडी चालली आहे. एका फांट्याचें तोंड असें आहे कीं गाडी सांध्यावरून पुढें जाते, मग सांधा बदलून इंजिन मागें सरतें व शेवटची वाघीण फांट्यांत ढकलतें. हें काम सोपें. परंतु दुसऱ्या फांट्याचें तोंड गाडीच्या समोर असेल तर इंजिनच आधीं आंत शिरेल, आणि वाघीण त्याच्या मागें राहील. ती आंत ठेवून इंजिन बाहेर कसें येणार? तेव्हां एक तर जवळच्या दुहेरी रुळांवरून इंजिन फिरवून वाघिणीच्या दुसऱ्या टोंकास आणावें, नाहीं तर तें काम परतीच्या फेरीस ठेवावें. परतीस त्याच फांट्याचें तोंड सोयीचें होतें. कोणतें काम जातांना करावें व कोणतें येतांना करावें हें निघण्यापूर्वीं ठरविणें हेंच गार्डचें कौशल्य होय.

येथें पालक म्हणतील, “हा खेळ श्रीमंतांचा; आमच्या घरीं इंजिन कोठून आणावें?” त्यांस नम्रपणें सांगावेंसें वाटतें कीं यांतील मुख्य शिक्षण आठ काड्यापेट्यांवर मिळतें. इंग्लंडांतील ॲलन राइट यांनीं ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नांवाची एक लहान मांडणी तयार केली. तींत एका टोंकास बंद असे तीन फांटे आहेत. अ फांट्यांत ५ वाघिणी मावतात, ब व क यांत ३-३ मावतात. आणि पुढील मोकळ्या रुळावर इंजिन व ३ वाघिणी मावतात. वाघिणी एकूण ८. त्यांपैकीं चिठ्ठ्या टाकून ५ निवडावयाच्या, व ज्या क्रमानें चिठ्ठ्या निघतील त्याच क्रमानें त्या अ फांट्यांत उभ्या करावयाच्या. खडूनें जमिनीवर फांटे आंखा, काड्यापेट्यांवर १ ते ८ आंकडे घाला, कीं रेल्वे तयार!

असे क्रम किती होतील? पहिल्या जागीं ८ पैकीं कोणतीहि येईल, दुसऱ्या जागीं उरलेल्या ७ पैकीं. म्हणून ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६,७२०. रोज दहा क्रम सोडविले तरी ६७२ दिवस लागतील.

फांट्यांत ११ जागा असतां वाघिणी आठच कां? अकराहि जागा भरल्या तर बाहेर काढलेल्या वाघिणीसाठीं फांट्यांत तिच्या स्वतःच्या जागेवांचून दुसरी मोकळी जागा उरत नाहीं. एक उदाहरण घ्या. अ फांट्यांत बंद टोंकाकडून १, २, ३, ५, ४ अशा वाघिणी आहेत, ब भरलेला आहे, व क रिकामा आहे. ४ व ५ यांची अदलाबदल करावयाची आहे. इंजिनानें दोन्ही बाहेर ओढाव्या. ५ ही क मध्यें सोडावी. ४ ही अ मध्यें ठेवावी. मग ५ आणून तिच्यापुढें ठेवावी. क भरलेला असता तर हें काम इतक्या सोप्या रीतीनें झालें नसतें. रिकामी जागा वायां गेलेली नसते; सर्व हालचाल तिच्याच जोरावर होते. विद्यार्थ्याच्या दिवसालाहि हा नियम लागू आहे, हें पालकांनीं विसरूं नये.

आतां विद्यार्थ्यांसाठीं एक प्रश्न. अ फांट्यांत बंद टोंकाकडून २, १, ३, ४, ५ अशा वाघिणी आहेत. ब मध्यें ६, ७, ८ आहेत. क रिकामा आहे. ब ला हात न लावतां अ मध्यें १, २, ३, ४, ५ असा क्रम आणा. पुढील रुळावर एका वेळीं तीनच वाघिणी मावतात, हें लक्षांत असूं द्या. तिन्ही वाघिणी एकदम क मध्यें टाकाल तर अडकाल. एक वाघीण बराच वेळ इंजिनालाच जोडून ठेवावी लागते, एवढीच खूण सांगतों. कोणती, तें काड्यापेट्या हलवून शोधा.