खेळातील दुखापत : मुलांना काय व कसे सांगावे?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की गावोगावची मैदाने कबड्डी, खो-खो व लंगडीच्या डावांनी गजबजून जातात. या चढाओढीत एखादा गडी पडतो, त्याचे मनगट सुजते. परंतु संघातून नाव कमी होईल, घरी बोलणी खावी लागतील, या धास्तीने तो ते सदऱ्याच्या बाहीत झाकून घेतो. वेदना असह्य झाल्या म्हणजे चार दिवसांनी गोष्ट उघडकीस येते. शिक्षकांना हा प्रसंग नवा नाही. दुखापत लपविल्याने तिचे गांभीर्य वाढते. म्हणून तिच्याविषयीचे ज्ञान मुलांना अगोदरच दिले पाहिजे.

दुखापतीचे स्वरूप

हाडांना परस्परांशी जखडून ठेवणारे अस्थिबंध ताणले गेले म्हणजे सांधा मुरगळतो. हाड जागेवरून सरकले म्हणजे सांधा निखळतो. हाडच मोडले तर तो अस्थिभंग होय. ओली फांदी वाकविली असता एका बाजूस चिरते, पण पूर्ण तुटत नाही. मुलांचे हाड कित्येकदा असेच मोडते. हा दाखला त्यांना चटकन उमजतो. शिवाय वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो व तेथूनच हाड वाढते. त्या ठिकाणच्या इजेकडे दुर्लक्ष झाल्यास हाड आखूड वा वाकडे वाढण्याचा संभव असतो.

तातडीचे उपाय

खेळ तत्काळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा. दुखरा भाग चोळू नये, ओढून ‘बसवू’ नये. फूटपट्टी किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र बांधून त्यास आधार द्यावा व मुलास दवाखान्यात न्यावे. बंध फार आवळल्यास बोटे बधिर व निळी पडतात. रक्तपुरवठा खंडित होऊन हात गमावण्याचीही वेळ येते. डोक्यास मार लागून उलटी झाली वा गुंगी आली, तर 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

शस्त्रक्रियेची भीती

बहुतेक मोडलेली हाडे प्लास्टरने सांधतात. हाड जागेवर राहत नसेल तेव्हाच तार, पट्टी अथवा स्क्रू बसवावा लागतो. ‘मध्येच जाग आली तर?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. भूलतज्ज्ञ अखेरपर्यंत शेजारी राहून श्वास व नाडी पाहत असतात, हे त्यांना सांगावे. भुलीत पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आधी उपाशी ठेवतात, हे कारणही सांगावे. मात्र ‘मुळीच दुखणार नाही’ असे वचन देऊ नये. ते खोटे ठरले की मुलाचा विश्वास उडतो. ‘थोडे दुखेल, दुखले की सांग, त्यावर औषध आहे,’ असे म्हणावे. ही खोडीची शिक्षा नव्हे, हेही आवर्जून सांगावे.

बरे होण्याचा काळ

मनगटाजवळचे मोडलेले हाड मुलांत साधारणतः 4 ते 6 आठवड्यांत सांधते. प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवू नये. प्लास्टर निघाल्यावर हात बारीक दिसतो. वापराअभावी स्नायू रोडावलेले असतात व व्यायामाने ते पूर्ववत होतात. सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर 2005 साली शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे त्यांनी श्रीलंकेविरुद्ध 93 धावा काढल्या. नीरज चोप्रा यांच्या कोपरावर 2019 च्या मे महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तेही काही महिने स्पर्धांपासून दूर राहिले आणि 2021 साली टोकियो येथे ऑलिंपिक सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. थांबणे हाही तयारीचाच भाग होय, हे मुलांना या दोन उदाहरणांवरून पटेल.

आपले कर्तव्य

ग्रामपंचायतीने मैदानावरील दगड-काचा वेचून घ्याव्यात. शाळेने प्रथमोपचार पेटी सज्ज ठेवावी. जायबंदी मुलास संघातून न वगळता गुणलेखनाचे काम द्यावे. दुखल्याचे सांगितल्याने आपली जागा जात नाही, अशी खात्री पटली म्हणजे कोणताही मुलगा वा मुलगी सुजलेले मनगट बाहीत लपविणार नाही.